सड्यावरचे कोरडे पाणी

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकून घेत, तिथे उदयमल्ल नावाचा राजा होता. राजा न्यायी होता. दारी आलेल्याचे गाऱ्हाणे पुरते ऐकल्याशिवाय तो ताटावर बसत नसे. राणीचे नाव शशिकला, आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता.

ही राणी लहान असताना एकदा वनात खेळायला गेली आणि तिथे तिने एका यक्षाच्या झाडाचे फूल तोडले. ते झाड वर्षातून एकच फूल देई. यक्ष म्हणाला, "तू माझे फूल नेलेस. तुला अंधार नेईल. एकदम नव्हे, थोडी थोडी."

पुढे राणीचे लग्न झाले, सुखाची वर्षे गेली, शापाचा विसर पडला. मग एके दिवशी सकाळी राणी उठली, तर तिच्या डाव्या हाताची करंगळी नव्हती. तिच्या जागी करंगळीएवढी सावली होती. रात्री महालातला दिवा विझला होता आणि अंधाराने आपला पहिला घास घेतला होता.

त्या दिवसापासून राजाने राणीच्या महालात समया लावल्या, मशाली लावल्या, दारोदार पणत्या लावल्या. पण ज्योत म्हटली की ती हलणार, आणि ज्योत हलली की कोपऱ्यातला अंधार पुढे सरकणार. राज्यातले तेल संपत आले. घराघरांत फोडणी द्यायचे बंद झाले. तरी राणीचा पंजा सावलीचा झाला तो झालाच.

अशा वेळी कुंभकेतू नावाचा एक मांत्रिक दरबारात आला. चेहरा तरुण, हात मात्र म्हाताऱ्याचे. त्याने एक डबी उघडली. आत दोन मणी होते, जुळ्या भावांसारखे.

"महाराज, हा उजेड विझत नाही," तो म्हणाला. "यातल्या एकावर उंचावरून पाणी पडू द्यावे, म्हणजे दुसरा उजळतो. मधे शंभर कोस असले तरी उजळतो."

"पाणी किती पितो?" राजाने विचारले.

"एक थेंबही नाही. पाणी कड्यावरून खाली पडेल, मण्यावरून जाईल आणि माझ्या मंत्राने पुन्हा वर चढेल. जितके होते तितके राहील."

"असे पाणी कुठे आहे?"

"उत्तरेच्या सड्यावर."

उत्तरेला एक उंच डोंगर होता. त्याचा माथा सपाट, सगळा काळा कातळ. त्याला लोक सडा म्हणत. पावसाळ्यात सड्यावर धो धो पाऊस पडे, पण कातळात काही मुरत नसे. सगळे पाणी कड्यावरून खाली उड्या टाकी आणि निघून जाई. मागे राही ते एका तळ्यातले पाणी. त्या देवतळ्यावर सड्याच्या सात वाड्या वर्षभर जगत. चैत्र लागला की तळ्यात कळशी बुडत नसे. बायका वाटीने पाणी उचलून कळशीत घालत, एकीचे भरून झाल्यावर दुसरी बसे, आणि कुणी कुणाच्या आधी हात घालत नसे.

राजा स्वतः सडा चढून आला. लोकांना विचारल्याशिवाय काही करायचे नाही, ही त्याची रीत होती. तळ्याकाठी सगळ्या वाड्या जमल्या. सड्याचा नाईक दौलू पुढे बसला, त्याच्या मागे त्याची मुलगी सावरी. सावरीची आई तिच्या लहानपणीच गेली होती. बापलेक दोघेच होते.

राजाने राणीचे दुःख सांगितले. लोक खाली मान घालून ऐकत राहिले. बायकांनी डोळे पुसले. मग मांत्रिकाने मण्याची गोष्ट सांगितली, आणि राजा म्हणाला, "पाणी कमी होणार नाही. हा माझा शब्द आहे."

दौलू नाईक हात जोडून उठला. "महाराज, तुमच्या शब्दावर अविश्वास नाही. पण चैत्रात आम्ही वाटीनं पाणी भरतो. त्यात काही बिघडलं तर दुसरं पाणी कुठनं आणायचं?"

"बिघडणार नाही," कुंभकेतू म्हणाला.

सावरीने विचारले, "हे तुम्ही आणखी कुठं केलंय?"

"पुष्कळ राज्यांत."

"ती राज्यं आम्हाला बघायला मिळतील?"

"ती दूर आहेत," मांत्रिक म्हणाला आणि त्याने आपली डबी मिटली.

सावरी राजाकडे वळली. "महाराज, राणीसाहेबांसाठी दुसरा उजेड मिळाला तर?"

"तर मला तुमच्या तळ्याचे काय काम? मला राणी हवी आहे." राजाने थोडा विचार केला. "तीनदा माझे दार तुझ्यासाठी उघडेल. तीनदा उजेड घेऊन ये. त्यातला एक जरी टिकला, तरी या सड्याकडे मी मान वर करून पाहणार नाही."

"मी थांबेन," कुंभकेतू म्हणाला. "मला थांबायची सवय आहे."

तळ्याच्या काठाला एक टिटवी राही. ती कातळावरच अंडी घाली आणि फारसे बोलत नसे. राजाची माणसे उतरून गेल्यावर ती सावरीजवळ आली.

"तीन उजेड मला ठाऊक आहेत," टिटवी म्हणाली. "एक जिवंत आहे, एक वाट पाहतो आहे आणि एक म्हातारा झाला आहे. तिघांचीही किंमत द्यावी लागेल. पुरतील की नाही, ते मला ठाऊक नाही."

"सांग," सावरी म्हणाली.

पहिला उजेड काळवनात होता. तिथे एका जुन्या हिरड्यावर इतके काजवे राहत की झाडाखाली बसून तांदूळ निवडावेत. सावरीने झाडाला हात जोडले आणि आपले मागणे सांगितले.

"या काजव्यांमुळे मला जन्मात झोप लागली नाही," हिरडा म्हणाला. "ते ने. पण झोप कशी असते तेही मला ठाऊक नाही. तुझी दे."

सावरीने आपली झोप दिली. झाडाने पाने मिटली आणि ते गाढ झोपले. सावरी काजव्यांनी भरलेली फांदी घेऊन महालात गेली. फांदी राणीच्या उशाशी लावली, आणि त्या रात्री अंधाराला राणीजवळ येता आले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

राणी सावरीशी बोलत बसे. "हे दिवे श्वास घेतात," ती म्हणाली. "पहिल्यांदाच मला दिव्याची भीती वाटली नाही. तुझे गाव कुठले?"

"सडा, राणीसाहेब."

"तिथे काय आहे?"

"तळं आहे," सावरी म्हणाली. यापुढचे तिने सांगितले नाही, कारण राणीला तळ्याविषयी काही सांगू नये अशी राजाची ताकीद होती. राणीला एवढेच ठाऊक होते की ही मुलगी तिच्यासाठी उजेड शोधते आहे.

मग मृगाचा गडगडाट झाला. काजव्यांचे आयुष्य तेवढेच. ते एकेक करून गळाले, आणि दासींनी ते केरसुणीने गोळा केले. राणीचा हात कोपरापर्यंत सावलीचा झाला.

दुसरा उजेड खाडीच्या मुखाशी होता. तिथे एका झोपडीत एक म्हातारी राही. तिचे मुलगे गलबतावर गेले होते ते परतले नव्हते. ते येतील तेव्हा चूल पेटती असावी म्हणून तिने एक निखारा जपला होता. तो तिच्या तरुणपणापासून जळत होता आणि त्याची राख होत नव्हती.

"ने," म्हातारी म्हणाली. "त्यांचे येणे आता होणार नाही, हे मला कळते. पण घर फार मुके होईल. मला कुणाचा तरी आवाज ठेवून जा."

सावरीपाशी एकच आवाज जपून ठेवण्यासारखा होता. तिची आई तळ्यावर पाणी भरताना गुणगुणत असे, तो. तिने तो दिला. झोपडीतून निघताना तिला मागून गुणगुणणे ऐकू आले. कोण गुणगुणते आहे म्हणून तिने वळून पाहिले, पण तिला ओळख पटली नाही.

निखारा राणीच्या महालात ठेवला आणि सारा महाल सोनेरी झाला. राजाने सावरीला आपल्या हाताने पाट दिला, जेवू घातले. पण निखाऱ्याजवळ कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत बसावे लागे, तरच तो जळे. दासी पाळीपाळीने बसल्या. त्या पाळी संपायची वाट पाहत. निखारा काळवंडला. मग राजा स्वतः बसला. त्याला बसता आले, जागता आले, पण वाट पाहता आली नाही. ज्या माणसाची वाट पाहायची ते समोरच तर बसले होते. निखारा विझला, आणि सावली राणीच्या खांद्याला लागली.

तिसऱ्या उजेडासाठी सावरी दूर पूर्वेला गेली. टिटवी तिच्यासोबत उडत होती. वाटेत एक नगर लागले. वेशीबाहेरची झाडे वाळून उभी होती, शेतांना भेगा पडल्या होत्या. पण नगरातल्या विहिरी काठोकाठ भरलेल्या. चौकाचौकांत कारंजी उडत होती. माणूस एकही नव्हता. भिंतीत अजून उजेडाचे खडे लुकलुकत होते.

मोठ्या विहिरीच्या पायरीवर एक नाग वेटोळे घालून पडला होता. माथ्यावरचा त्याचा मणी राखेच्या रंगाचा झाला होता.

"तू उजेडासाठी आलीस," नाग म्हणाला. "उशीर झाला. माझा विझला."

सावरी पायरीवर बसली. मग तिने विचारले, "इथली माणसं कुठं गेली?"

"पाण्याच्या शोधात."

"पाणी तर भरलेलं आहे."

"हात घालून पाहा."

सावरीने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बाहेर काढला. हात कोरडा होता. तिने ओंजळ भरून तोंडाला लावली. पाणी घशातून उतरले आणि तहान होती तिथेच राहिली.

"म्हाताऱ्या हातांचा एक तरुण आला होता," नाग म्हणाला. "आमच्या राजाला संध्याकाळनंतरही न्यायसभा भरवायची होती. दिवसा लोक कामावर असतात, त्यांना गाऱ्हाणे घेऊन येता येत नाही, म्हणून. कारण चांगले होते. मी पुष्कळ राज्यांबद्दल ऐकले, कारण सगळीकडे चांगलेच होते. पाणी मण्यावरून पुन्हा पुन्हा जाते. तेवढेच राहते. पण प्रत्येक फेरीला त्यातले काहीतरी उजेडात जाते, आणि शेवटी ओल जाते." तो थांबला. "तुझ्याजवळ खरे पाणी आहे का?"

सावरीच्या कमरेच्या वाळक्या भोपळ्यात सड्यावरचे शेवटचे घोटभर पाणी होते, आणि परतीची वाट सगळी उन्हाची होती. तिने भोपळा नागाच्या तोंडाशी धरला. नाग प्याला. त्याच्या अंगावरून एक शहारा गेला. मग त्याने डोके पायरीवर टेकले आणि पुन्हा उचलले नाही.

सावरीने त्याच भोपळ्यात विहिरीतले पाणी भरले आणि ती निघाली. कशीबशी, जीभ टाळूला चिकटलेली, ती राजवाड्यात पोहोचली.

"तिसऱ्यांदा दार उघडले आहे," राजा म्हणाला. "उजेड आणलास?"

"नाही, महाराज. पाणी आणलंय." तिने पाणी परातीत ओतले. "यात हात बुडवून बघा."

कुंभकेतू सिंहासनाशेजारी उभा होता. त्याने अडवले नाही. राजाने बोटे बुडवली. वर काढली. अंगठ्याने बोटे चोळून पाहिली. मग दुसरा हात बुडवला, तोही कोरडा निघाला. सावरीने नगराचे सगळे सांगितले.

राजाने मांत्रिकाला विचारले, "हे खरे?"

"पाणी कमी होत नाही, असे मी म्हणालो होतो," कुंभकेतू म्हणाला. "ते मोजून पाहावे. थेंब कमी भरणार नाही."

राजा उठून खिडकीशी गेला. पलीकडच्या महालात राणी उन्हात बसली होती. सावली तिच्या गळ्याशी आली होती.

"सावरी, तू खरे बोललीस," राजा म्हणाला. "आता मीही खरे बोलतो. सड्यावर सात वाड्या आहेत. त्या मी पाहून आलो. तरी त्यातल्या एकाचाही चेहरा मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. राणीचा येतो. तो मला जाऊ द्यायचा नाही."

"महाराज, आमच्याही घरात चेहरे आहेत."

"असतील. मी तुला तीनदा दार उघडले. माझा शब्द पुरा झाला."

सावरी काहीतरी बोलणार होती. पण राजाने पाठ फिरवली ती फिरवलीच, आणि द्वारपालांनी तिला हाताला धरून बाहेर नेले.

पावसाळा सरला, तळे भरले, आणि राजाची माणसे सडा चढून आली. वाड्यांतले लोक तळ्याकाठी हात धरून उभे राहिले. दौलू नाईक मधे उभा होता. शिपायांनी कुणाला मारले नाही. एकेकाला उचलले आणि बाजूला नेऊन ठेवले. तळ्याच्या तळाशी भोक पाडले, कड्याच्या पोटातल्या गुहेत मणी बसवला, आणि कुंभकेतूने मंत्र म्हटला. दिवसभर पाणी गर्जत खाली उतरले. सांजेला ते कड्याच्या अंगाने वर चढून आले आणि तळ्यात शांत पसरले. जितके होते तितके.

महालात दुसरा मणी उजळला. तो उजेड हलत नव्हता. अंधार राणीच्या गळ्यापासून मागे हटू लागला. खांदा परत आला, कोपर आले, शेवटी करंगळी आली. राजधानीत साखर वाटली.

सड्यावर दिवाळीपर्यंत काही कळले नाही. मग लोकांच्या लक्षात आले की धुतलेले कपडे पिळावे लागत नाहीत. पुढे भात शिजेना. पाणी उकळे, तांदूळ तसाच राही. गुरे तळ्यावर जात, पोट टम्म होईपर्यंत पीत, आणि तहानेने जीभ बाहेर काढून काठावरच मरत. तळे भरलेलेच होते. ऊन पडले की ते चमके. त्याच्याकडे पाहवत नसे.

वाड्या उठू लागल्या. लोक घाटाने उतरत, डोक्यावर भांडी, कडेवर पोरे. कुणी वीटभट्टीवर गेले, कुणी मिठागरावर, कुणी दुसऱ्याच राज्यात. कुठे जायचे हे ठरवून कुणीच गेले नाही. निरोप घ्यायला थांबायचेही त्राण नव्हते.

दौलू नाईक गेला नाही. तो अंथरुणाला खिळला होता. सावरीला झोप नव्हतीच, ती रात्रंदिवस त्याच्याजवळ बसून राही. लांबच्या गावातून आणलेले पाणी संपले त्या दिवशी तो म्हणाला, "सावरे, पाणी दे."

तिने तळ्यातले तांब्याभर आणले. तो घटाघट प्याला. म्हणाला, "आणखी दे." ती देत राहिली. उशी कोरडी होती, ओठ कोरडे होते, आणि तांब्या काठोकाठ भरलेला होता. तो पाणी मागत मागतच गेला.

बापाला मूठमाती देऊन ती तळ्यावर आली, तेव्हा टिटवी आपल्या अंड्यांपाशी उभी होती.

"उन्हाळ्यात मी पोट भिजवून यांच्यावर बसते, म्हणजे ती तापत नाहीत," टिटवी म्हणाली. "दिवसभर भिजवले. पोट भिजत नाही." अंडी कातळावर शिजली होती. टिटवी उडाली, आणि पुन्हा सड्यावर आली नाही.

सावरीने कळशी भरली आणि ती राजधानीला गेली. राजाचे दार तिला बंद होते. ती वेशीच्या देवळासमोर बसली. लोक पैसे टाकून जात, ती ते उचलत नसे. एके सकाळी राणीची पालखी देवळाला आली. राणीने पडदा सारला आणि तिला ओळखले.

"सावरी, तू कुठे होतीस?" ती खाली उतरली. तिचा डावा हात सोन्याच्या बांगड्यांनी भरला होता. "मी तुझी फार चौकशी केली. मी बरी झाले म्हणून तू घरी गेलीस, असे मला सांगितले. आता काय आणलेस?"

"पाणी, राणीसाहेब."

राणीने हसत कळशीत हात घातला. बाहेर काढला. तिचे हसू तसेच राहिले, पण डोळे बदलले.

"हे कुठले?"

"तुमच्या महालातला मणी ज्याच्यावर जळतो ते. आमच्या तळ्यातलं."

"हे पितात कोण?"

"आता कुणीच नाही. माणसं गेली. माझे बाबाही गेले."

राणी देवळाच्या पायरीवर बसली. तिने सगळे विचारले, आणि सावरीने सगळे सांगितले, काजव्यांपासून तांब्यापर्यंत. मग राणीने पालखी फिरवली आणि भोयांना सड्याची वाट धरायला सांगितली. राजाला निरोप गेला, पण पालखी पुढे होती.

माध्यान्हीला दोघी सड्यावर पोहोचल्या. राणी वाड्यांमधून चालली. घरांना कड्या लागल्या नव्हत्या. एका अंगणात पाळणा तसाच टांगलेला होता. राणी कुठेही थांबली नाही. मग सावरीने तिला कड्याच्या पोटातल्या गुहेत नेले.

पाणी मण्यावर कोसळत होते आणि कुंभकेतू त्याच्याजवळ बसला होता. तो उठून उभा राहिला.

"हा विझवायचा कसा?" राणीने विचारले.

"ज्याच्यासाठी तो पेटला, त्याने तो हातात घ्यायचा आणि 'मला नको' म्हणायचे. एवढेच."

"तू हे सहज सांगतोस."

"मी विचारणाऱ्याला नेहमी सांगतो, राणीसाहेब. आजवर कुणी म्हटले नाही."

राणीने पाण्यात हात घातला, मणी काढला आणि तळहातावर धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ती म्हणाली, "मला हवा आहे. फार हवा आहे." सावरीने डोळे मिटून घेतले. पाण्याच्या गर्जनेत बराच वेळ गेला. मग राणी म्हणाली, "मला नको."

मणी विझला. कड्यावरून पडणारे पाणी राणीच्या अंगावर आले, आणि ती नखशिखान्त भिजली. कुंभकेतूच्या चेहऱ्यावर त्याच्या हातांचे वय चढले. शतकांची तहान त्याला एकदम लागली. तो पाण्यावर ओणवा झाला, प्यायला लागला, प्यायचा थांबला नाही, आणि तिथेच निपचित पडला.

राजा घोडा फेकीत आला, तेव्हा ऊन कलले होते. राणी तळ्याकाठी लुगडे वाळवत बसली होती. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने मशाली आणवल्या होत्या, शंभर माणसे मशाली धरून उभी होती.

"यांना घरी पाठवा," राणी म्हणाली. "तुम्ही मला का सांगितले नाही?"

"सांगितले असते तर तू हेच केले असतेस."

"हो," राणी म्हणाली. "उजेड आहे तोवर बोलू."

ते बोलत बसले. काय बोलले ते सावरीने ऐकले नाही, ती दूर जाऊन बसली होती. सूर्य कड्याला टेकला. राणीच्या हाताची करंगळी गेली, मग पंजा. या वेळी अंधाराने थोडी थोडी नेली नाही. सूर्य बुडाला, तेव्हा राजाच्या कुशीत एक सावली होती, आणि काळोख पडल्यावर तीही वेगळी दिसेना.

असा मण्याचा शाप सुटला. राजाने तळ्याच्या तळाचे भोक बुजवून घेतले. पहिल्या पावसात तळे भरले आणि त्याने कातळ भिजवला. राजाने शिळा कोरवली की सड्याचे पाणी पिणाऱ्यांचे आहे, इतर कशासाठी ते कधी वापरू नये. ती शिळा वाचायला सड्यावर सावरी एकटी होती.

राजा तिच्याकडे आला. "मी काय करू?" त्याने विचारले.

"माणसं शोधा, महाराज. त्यांना सांगा, पाणी परतलंय."

राजाने राज्य भावाच्या हाती दिले आणि तो पायी निघाला. वीटभट्ट्यांवर गेला, मिठागरांवर गेला, परक्या राज्यांतल्या वस्त्यांत गेला. दाराशी उभा राहून सांगे, "सड्याचे पाणी आता चांगले आहे. परत चला." काही घरे परतली. दोन वाड्यांत पुन्हा धूर निघू लागला. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही, आणि ज्यांचा लागला त्यांतले पुष्कळ हलले नाहीत.

एका मिठागरावर एक बाई मीठ ओढत होती. राजाचे बोलणे होईपर्यंत तिने काम थांबवले आणि त्याच्याकडे नीट पाहिले.

"पाणी कमी होणार नाही म्हणून सांगायला आला होता, ते तुम्हीच का?"

"हो," राजा म्हणाला. "मीच तो."

बाईने मान हलवली. तिला राग आलेला दिसला नाही. तिने पुन्हा फावडे उचलले आणि ती मीठ ओढू लागली. राजा थोडा वेळ उभा राहिला, आणि मग पुढच्या झोपडीकडे गेला.